दर शनिवारी एक गाणं

१ जानेवारी १९७२, शनिवार. सकाळी ९.

या वर्षी संकल्प एकच. अंधेरीतल्या लोकांचे कान सुधारायचे.

काल रात्री खालच्या काशीरामांकडे पार्टी झाली. पार्टी म्हणजे भजी आणि ट्रान्झिस्टर. अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा आवाज. डोकं तापलं. रॉक म्हणजे काय, पॉप म्हणजे काय, दोघांत फरक काय, हे या बिल्डिंगमध्ये फक्त मला माहीत आहे. बहुतेक अंधेरीतही. वेस्टमध्ये तरी नक्कीच.

लढाई संपून पंधरा दिवस झाले, ब्लॅकआउटचे काळे कागद अजून आमच्या काचांवर आहेत. विमलाला म्हटलं, काढ ते. ती म्हणाली, स्टूल तुमच्या रेकॉर्डखाली आहे. बायको असून सहकार्य शून्य.

तर आजपासून 'अंधेरी वेस्टर्न म्युझिक सर्कल'. दर शनिवारी पाच वाजता, माझ्या घरी. आठवड्याला एक गाणं. ज्याची पाळी त्याने आपलं आवडतं इंग्रजी गाणं आणायचं, लावायचं, का आवडतं ते सांगायचं. ते खरोखर आवडण्यासारखं आहे की नाही, ते मग मी सांगायचं. नियम अकरा. अध्यक्ष मी.

गाण्यांची नावं या वहीत लिहिणार नाही. वही कुणाच्या हाती लागली तर माझी बारा वर्षांची मेहनत फुकटात जाईल. फक्त क्रमांक.

५ जानेवारी, बुधवार.

मेंबर तीन मिळाले. आमच्या कारखान्यातल्या डिस्पॅचचा रामनाथ, माझा जुना दोस्त. पार्ल्याच्या शाळेत शिकवणाऱ्या जयंतीबाई, विमलाची मैत्रीण. आणि पॅकिंगमधला हरेश्वर. हा वर्सोव्याचा कोळी. भाऊ बोटीवर जातात, हा मशीनवर. त्याला मी बोलावलं नव्हतं. रामनाथने सांगितलं, त्याने विचारलं, आणि माझ्या स्टोअर्सच्या खिडकीत वीस लोकांसमोर नाही म्हणता आलं नाही.

नियमांच्या चार कॉपी टाइप केल्या. रामनाथने वाचून घडी घातली आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. म्हणाला, पाठ झाले. मी हसलो नाही.

८ जानेवारी, शनिवार. रात्री ८.

पहिली बैठक. सुरुवात अध्यक्षांनी करायची असते म्हणून पाळी माझी. आधी अकरा नियम समजावले, मग क्रमांक १ लावला. गाणं दोन मिनिटं चाळीस सेकंदांचं. त्यावर पन्नास मिनिटं बोललो. कंपनी, लेबलचा रंग, तबकडीचा नंबर, लंडनच्या यादीत कितव्या आठवड्यात कितवं. कुणी हललं नाही. रामनाथने डोळे मिटून ऐकलं. विमला आत गेल्यावर म्हणाली, तो घोरत होता. चिंतन आणि घोरणं यातला फरक तिला कळत नाही.

जयंतीबाईंनी विचारलं, परत एकदा लावता का? वेळ कुठे होता? सात वाजले होते.

एकूण प्रचंड यशस्वी.

१५ जानेवारी, शनिवार.

आज पुन्हा माझी पाळी घेतली. दर्जा ठरवून द्यायला हवा.

हरेश्वरने येताना सुके बोंबील आणले. घरात संगीताच्या वेळी बोंबील. विमला इतकी खूश झाली की तिने माझ्या प्रस्तावनेच्या मध्येच त्याच्या आईची चौकशी सुरू केली. ही सगुणाबाई अंधेरीच्या बाजारात मासे विकते, विमला तिच्याकडूनच घेते, हे मला आज कळलं. पाच मिनिटं पापलेट. मग गाणं सुरू झालं तर हरेश्वर स्टुलावर बोटांनी ठेका धरून बसला. मी सुई उचलली. म्हटलं, हे ऐकण्याचं सर्कल आहे, वाजवण्याचं नाही. तो सॉरी म्हणाला आणि हात मांडीखाली घेऊन बसला. मग त्याचे गुडघे हलायला लागले.

रेकॉर्ड पुन्हा पहिल्यापासून लावावी लागली. संताप.

२२ जानेवारी, शनिवार.

जयंतीबाईंची पाळी. कुणा बाईचं संथ, रडकं गाणं आणलं. मी शांतपणे नऊ दोष सांगितले. त्या म्हणाल्या, मला आवडतं, मी मुलींच्या वह्या तपासताना हेच गुणगुणते. हे काय कारण झालं? वह्या तपासताना माणूस काहीही गुणगुणेल. मी नियम सातकडे लक्ष वेधलं. 'कारण संगीतविषयक असावे.' त्यांनी रेकॉर्ड पिशवीत घातली आणि चहा अर्धा ठेवून सहाला गेल्या. पार्ल्याची माणसं फार नाजूक.

त्यात खालून काशीराम काठीने छत ठोकत होते. त्यांचा ठेकाही चुकीचा.

२९ जानेवारी, शनिवार. रात्री ९.

पेनचं निब वाकलं. रागाने.

हरेश्वर रेकॉर्ड न घेता आला. म्हणाला, घरी प्लेअर नाय, रेडिओवर ऐकून पाठ केलंय, गाऊन दाखवतो. मी नाही म्हणेपर्यंत रामनाथने बिस्किटांचा रिकामा डबा त्याच्या हातात दिला. आणि तो गायला. इंग्रजीतला एक शब्द बरोबर असेल तर शपथ. नुसते आवाज. पण असा ठोकला डबा की रामनाथ उभा राहिला. जयंतीबाई टाळ्या वाजवायला लागल्या. विमला हातात झारा घेऊन किचनच्या दारात. झाऱ्याचं तेल लादीवर ठिबकतंय आणि ही हसतेय! एवढं हसताना मी तिला पाहिलेलं नाही. अलीकडे तरी.

का आवडतं विचारल्यावर म्हणाला, बोट किनाऱ्याला लावताना सगळे मिळून ओढतात ना, तसं वाटतं.

मी बैठक बरखास्त केली. नियम बारा: रेकॉर्डशिवाय गाणे ग्राह्य धरले जाणार नाही.

५ फेब्रुवारी, शनिवार.

रामनाथची पाळी. त्याने मागच्या महिन्यात मीच दिलेली रेकॉर्ड आणली आणि म्हणाला, मला हीच आवडते कारण घरी एवढीच आहे. मूर्ख.

मग विमलाने विचारलं, पुढच्या शनिवारी मी एक सांगू का? मी समजावलं की मेंबर आणि यजमानीण या वेगळ्या गोष्टी आहेत, पोहे कोण करणार. रामनाथ म्हणाला, मत घेऊ. माझ्या घरात मतदान! तीन विरुद्ध एक. विमलाने मत दिलंच नाही, नाहीतर चार.

शेवटी मोठ्या मनाने परवानगी दिली.

१२ फेब्रुवारी, शनिवार. रात्री ८.

विमलाची पाळी. तिला नाव माहीत नाही, शब्द माहीत नाहीत. रामनाथला म्हणे जिन्यात चाल गुणगुणून दाखवली होती, आणि त्याने कुणाकडून तरी बरोबर तीच तबकडी पैदा केली. माझ्या पाठीमागे.

लागली तेव्हा मी कपाळाला हात लावला. ते गाणं! इराण्याकडे ज्यूकबॉक्समध्ये चार आणे टाकून टॅक्सीवाले ऐकतात ते. तीन सुरांचं. माझ्या घरात ते मी कधी येऊ दिलं नाही.

हसतमुखाने म्हटलं, हे तर ज्यूकबॉक्सचं गाणं. ती म्हणाली, हो, तिथेच ऐकलं. सहासष्ट सालच्या दिवाळीनंतर. त्याचं असं झालं की...

इथे मला थांबवावं लागलं. कारण हे गाणं आपल्याकडे आलं सदुसष्टच्या उन्हाळ्यात. सहासष्टला ऐकणं शक्यच नाही. चूक ती चूक, बायकोची असली तरी. मी अर्ध्या तासात सगळं नीट मांडलं. तीन सूर कसे स्वस्त असतात, हलकी गाणी माणसाची रुची कशी बिघडवतात, आणि न कळता आवडणं म्हणजे न आवडणंच कसं.

विमला म्हणाली, दूध बघून येते. उठून गेली ती आलीच नाही.

दुधाचं पातेलं गॅसवर नव्हतं. नंतर बघितलं.

जाताना जयंतीबाईंनी आत जाऊन तिचा निरोप घेतला, माझा नाही. भाषण प्रभावी झालं की असं होतं.

१९ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ७.

कुणी आलं नाही.

रामनाथला पोटदुखी. जयंतीबाईंच्या शाळेत गॅदरिंग. हरेश्वरने कारणसुद्धा कळवलं नाही. काय हे! शिस्त नावाची चीज नाही. आणि नेमकी आज विमलाही घरात नाही. मी रेकॉर्ड पुसत होतो तेव्हा घाटकोपरला भावाकडे जाते असं काहीतरी म्हणाली. पोहे करून ठेवले होते. पाचही प्लेट मी खाल्ल्या. आता ॲसिडिटी. जबाबदार सगळे.

२६ फेब्रुवारी, शनिवार.

आजही नाही. सोमवारी सर्क्युलर काढलं होतं, 'गैरहजेरीबाबत खुलासा', तीन कॉपी. रामनाथने पोचपावतीवर सही केली आणि आला नाही.

विमला पुन्हा भावाकडे. निळी साडी, गजरा. भावाकडे जायला गजरा कशाला? पण मी असल्या क्षुल्लक गोष्टीत पडत नाही.

साडेपाचला एकट्याने क्रमांक ७ लावला आणि त्यावर पूर्ण पाऊण तास बोललो. फार रंगलं. मध्ये कुणी हललं नाही, ठेका नाही, काही नाही. असंच हवं.

३ मार्च, शुक्रवार. दुपारी ३, स्टोअर्स.

वाट लागली. सगळं कळलं.

पॅकिंगमध्ये चार माणसं एकच चाल शिट्टीवर वाजवत होती. माझ्या यादीतली नव्हती. विचारलं, कुठे ऐकलीत? एकजण सरळ म्हणाला, हरेश्वरकडे, शनिवारी. तुम्ही नाय येत?

दर शनिवारी! वर्सोव्याला! सर्कल माझं, कल्पना माझी, 'आठवड्याला एक गाणं' हे शब्द माझे. ख्रिश्चन शेजाऱ्याचा प्लेअर उचलून आणतात आणि अंगणात बसतात. रामनाथ जातो. गॅदरिंगवाल्या जयंतीबाई जातात. आणि काशीराम! ज्या माणसाने महिनाभर माझ्या पायाखाली छत ठोकलं, तो माउथ ऑर्गन घेऊन जातो!

रामनाथला धरलं. त्याने मान खाली घातली नाही, हे विशेष. म्हणाला, तू पण ये ना यार, फक्त बोलू नकोस. मी विचारलं, ज्या घरात पोहे खाल्ले त्या घराशी गद्दारी का? तर म्हणाला, पोहे वहिनी करायच्या. त्या तिकडे पण करतात.

रात्री ८. विमलाला विचारलं. वाटलं होतं रडेल, माफी मागेल. ती भाजी निवडत होती. म्हणाली, मी वर्सोवाच म्हटलं होतं. तुम्ही घाटकोपर ऐकलंत.

उद्या सर्वांना लेखी नोटीस. की तपासणी करावी? आधी तपासणी.

११ मार्च, शनिवार. संध्याकाळी ७.४५.

मागच्या शनिवारी ताप होता म्हणून गेलो नाही. ९९. तपासणी आज केली.

विमला चारला निघाली. मी पुढची बस पकडली. वर्सोव्याच्या शेवटच्या स्टॉपला उतरून वाडीत शिरलो. दोन्ही बाजूंना काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले. नाकाला रुमाल. एका म्हाताऱ्याने विचारलं, गाण्याला ना? आणि घर दाखवलं. म्हणजे अख्ख्या गावाला माहीत.

अंगणाच्या कुडाबाहेर जाळ्यांचा ढीग होता, त्याच्या आड उभा राहिलो. वहीत मुद्दे टिपायचे होते. आत पंधरा-वीस माणसं. चटई. प्लेअर एका फळकुटावर, लेव्हल न बघता. मुद्दा एक लिहिला.

मग तेच गाणं लागलं. तीन सुरांचं. संपलं, आणि कुणीतरी म्हणालं, वहिनी, त्या दिवशी राहिलं ते सांगा ना.

आणि विमला बोलायला लागली. घरी ती एवढं सलग बोलत नाही. किंवा मला माहीत नाही.

म्हणाली, लग्नाला सहा महिने झाले होते. एका रविवारी आमचं जुहूला जायचं ठरलं होतं. मी सकाळी रेकॉर्ड बदलून आणायला फोर्टला गेलो, जेवायला येतो म्हणून. ती तीनपासून साडी नेसून बसली. पाच वाजले. असे किती रविवार झाले ते तिने मोजलं आणि मग उठून बॅग भरली. भावाकडे घाटकोपरला. कायमची. स्टेशनपर्यंत चालत गेली. तिकिटाच्या खिडकीपाशी मोठी रांग होती म्हणून कोपऱ्यावरच्या इराण्याकडे बसली. चहा मागवला. कुणीतरी ज्यूकबॉक्सवर ते गाणं लावलं. मग परत तेच. काय म्हणतायत ते कळत नव्हतं, पण गाणारा माणूस चिडलेला नव्हता एवढं कळत होतं. कुणाची तरी वाट बघत होता आणि तरी चिडलेला नव्हता.

"तिसऱ्यांदा लागलं तेव्हा चहा संपला होता," ती म्हणाली. "मी बॅग उचलली आणि घरी आले. हे आठ वाजता आले. नवी रेकॉर्ड दाखवत होते. बॅग तिथंच दारात होती. ह्यांना अजून माहीत नाही."

 मग हरेश्वरची आई म्हणाली, परत लाव रं. परत लावलं.

मी आत गेलो नाही. बस लगेच मिळाली. घरी येऊन काळे कागद काचांवरून काढले. तीन महिने राहिले होते. ओरखडून काढावे लागतात.

१२ मार्च, रविवार.

काही नाही.

१५ मार्च, बुधवार. सकाळी ७.

तिची गोष्ट शक्य नाही. गाणं सदुसष्टचं आहे. गाणंच नव्हतं तर ऐकलं कसं, आणि ऐकलं नाही तर बॅगही नाही. हे सिद्ध करायला रेकॉर्डचं जुनं रजिस्टर काढलं.

२०-११-६६, रविवार. माझ्याच अक्षरात: 'फोर्ट. दोन सिंगल देऊन एक एलपी. कंडिशन ए-वन. झकास दिवस.'

मागच्या पानावर इंग्रजी मासिकातलं हिट गाण्यांचं कात्रण, मीच चिकटवलेलं. ऑक्टोबर सहासष्ट. सातव्या नंबरवर ते गाणं.

साल तिचं बरोबर.

आठ वाजता येऊन दारातली बॅग मला दिसली नसेल का? अंधार असेल. जिन्यात दिवा नसायचा तेव्हा. मला वाटतं नसायचा.

१८ मार्च, शनिवार. रात्री ८.

विमलाला म्हटलं, मी पण येतो. कपाळाला आठी न घालता म्हणाली, चला.

बसमध्ये सांगणार होतो की मी मागच्या शनिवारी तिथेच होतो. गर्दी होती. राहिलं.

गेलो. कुणी टोमणा मारला नाही. याचाच जास्त राग आला. काशीरामांनी सरकून चटईवर जागा केली. सगुणाबाईने चहा दिला. गूळ घातलेला, बरा होता. आज जयंतीबाईंनी त्यांचं ते रडकं लावलं. दोनदा ऐकलं तर फार रडकं नाही. प्लेअर तिरका आहे हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. जीभ चावली गेली. अजून दुखतेय.

हरेश्वरने विचारलं, मार्तंडभाऊ, पुढल्या शनिवारी तुमचं? मी म्हटलं, बघू. मनात निश्चय पक्का. यांना आता दाखवतोच. क्रमांक १ नाही, क्रमांक ३. बारा वर्षांतला सर्वोत्तम. रोज एक पान मुद्दे.

२५ मार्च, शनिवार. रात्री ८.

मुद्दे सात पानं झाले होते. खिशात होते.

क्रमांक ३ लावला. सगळ्यांनी नीट ऐकलं. ठेका धरला. मी काही बोललो नाही. काशीरामांनी मान डोलावली. संपलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी सुरुवात केली. सालापासून. लेबल, बँडमधली भांडणं, ड्रमवाला का बदलला. पान दोनवर होतो. सगुणाबाई पाय पसरून बसली होती, तिने हात वर केला. रागाने नाही. बाजारात गिऱ्हाइकाला थांबवतात तसा.

"ते झालं," ती म्हणाली. "त्यात तुजं काय हाय?"

मी म्हटलं, म्हणजे?

"तुजं. हिचं इराण्याकडचं हाय. माज्या पोराचं बोटीवरचं हाय. तुजं काय?"

पान तीन काढलं. चार काढलं. तिथे नव्हतं. मी विचार केला, हे मी पहिल्यांदा कुठे ऐकलं. दुकानात. मग काय झालं? विकत घेतली, नंबर टाकला, रजिस्टरमध्ये लिहिली, कव्हरमध्ये घातली. त्या वेळी शेजारी कोण होतं? कुणी नाही. आनंद झाला होता? मिळाली याचा झाला होता.

सगळे थांबले होते. कुणीही हसलं असतं तर मी भडकलो असतो, भांडलो असतो, निघून आलो असतो. कुणी हसलं नाही. रामनाथ हळूच म्हणाला, पुढच्या वेळी सांग रे, घाई नाही. आणि दुसऱ्या कुणीतरी तबकडी बदलली.

घरी येताना मी म्हटलं, त्या दिवशी मी जाळ्यांच्या मागे होतो. ती म्हणाली, माहीत आहे, रुमाल दिसला होता.

२६ मार्च, रविवार. दुपारी ४.

सकाळी आठपासून एकेक रेकॉर्ड लावून बघतोय. मुद्दे नाहीत, घड्याळ नाही, नुसतं ऐकायचं. बेचाळीस आहेत. एकोणीस झाल्या. अजून एकीतही माझं असं काही सापडलं नाही. कंबर दुखतेय. खालून काशीरामांनी एकदाही ठोकलं नाही, त्याचाही राग येतोय.

विमला चहा घेऊन आली. म्हणाली, बसू का?

म्हटलं, बस.

विसावी लावली.